आधी गाव, मग उतार: जपानमधल्या आमच्या स्की-सहलीची आखणी

आम्ही चौघं जाणार होतो. मी आणि नवरा, दोघंही गुलमर्गच्या सरकारी संस्थेत स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केलेले, म्हणजे सोप्या उतारावरून नीट वळणं घेत खाली येण्याइतपत तयार. दहा वर्षांची लेक, जिने बर्फ फक्त सोलंगला पाहिला होता. आणि सासूबाई. त्यांचं वय अडुसष्ट, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. स्की पायात घालण्याचा प्रश्नच नव्हता, पण "तुम्ही जा, मी घरी थांबते" हेही त्यांना कबूल नव्हतं. "बर्फ पडताना मला बघायचाय," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यामुळे आमचा शोध जरा वेगळ्या टोकापासून सुरू झाला. जपानमध्ये स्कीला जायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, कुठला बर्फ सगळ्यात चांगला. मला मात्र आधी हे हवं होतं की आम्ही सकाळी वर असताना आईंनी काय करायचं, आणि चार-साडेचारला लिफ्ट बंद झाल्यावर चौघांनी मिळून काय करायचं. हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारास अंधार पडतो. संध्याकाळ मोठी असते.

बर्फाची काळजी तशी फार करावी लागत नाही, हे थोडं वाचल्यावर लक्षात आलं. सैबेरियातून येणारे थंडगार, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून जातात. त्या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो. वारे तिथली वाफ उचलतात, होन्शू आणि होक्काइदो या बेटांच्या डोंगरांना धडकतात आणि सगळं ओझं तिथेच टाकतात. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत हे चक्र जवळजवळ अखंड चालतं. त्यामुळे पश्चिम किनाऱ्याच्या बाजूचं कुठलंही नाव घेतलं तरी जानेवारीत बर्फ असतोच. निवड करायची ती बाकीच्या गोष्टींवरून.

होक्काइदोतलं निसेको सगळ्यांना माहीत असतं. बर्फ कोरडा आणि भुसभुशीत, इंग्रजी सगळीकडे चालतं, पण टोकियोहून आणखी एक विमान, मग पुढे दोन-तीन तासांची बस, आणि दर डोळे फिरवणारे. हाकुबात १९९८ च्या नागानो ऑलिंपिकची डाउनहिल शर्यत झाली होती. डोंगर भव्य, पण दरीभर पसरलेली वेगवेगळी स्की-केंद्रं आणि त्यांच्यामध्ये बसने ये-जा. स्की करणाऱ्यांना ते आवडेल, आईंचा दिवस मात्र बसथांब्यावर गेला असता. गाला युझावा टोकियोहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वा तासाच्या आसपास, स्टेशनमधूनच थेट उतारावर जाता येतं. एका दिवसासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही, पण राहण्याजोगं गाव तिथे हाताशी लागत नाही.

शेवटी नोझावा ओन्सेन ठरलं. नागानो प्रांतातलं जुनं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. मला पटलं ते यामुळे की हे गाव स्कीसाठी वसवलेलं नाही. झरे आधी होते, लोक आधी होते. स्की क्लब १९२३ मध्ये गावकऱ्यांनी काढला आणि पुढे उतार गावाच्या मालकीचे झाले. आजही गल्ल्या अरुंद आहेत, घरांच्या पायऱ्यांजवळून गरम पाण्याचे पाट वाहतात, आणि गावभर तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत. ती सगळी फुकट आणि पायी फिरण्याच्या अंतरात. अशा गावात स्की न करणारं माणूस दिवसभर रमू शकतं.

तारखांवर मात्र बरीच खलबतं झाली. डिसेंबरअखेर ते जानेवारीचे पहिले काही दिवस जपानी लोकांची स्वतःची नववर्षाची सुट्टी, त्यामुळे तो काळ पहिल्यांदा खोडला. चिनी नववर्ष २०२५ मध्ये २९ जानेवारीला होतं. त्याच्या आसपास गर्दी आणि दर दोन्ही चढतात, म्हणून त्याच्या आधीच परतायचं ठरवलं. फेब्रुवारीत ११ आणि २३ तारखेला जपानी सरकारी सुट्ट्या असतात आणि त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार टोकियोकरांनी भरलेले असतात. लेकीच्या चाचणी परीक्षा आणि प्रजासत्ताक दिनाची सुट्टी धरून जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा उरला.

१५ जानेवारीला नोझावात दोसोजिन या देवतेचा अग्नी-उत्सव असतो आणि तो सोडताना मला खरंच हळहळ वाटली. गावातले पुरुष लाकडांचं भलंमोठं देवघर उभारतात. बेचाळीस वर्षांचे पुरुष त्यावर चढून बसतात, पंचवीस वर्षांचे तरुण खाली उभे राहून ते राखतात आणि बाकीचं गाव पेटत्या मशाली घेऊन ते पेटवायला चालून येतं. ही दोन्ही वयं पुरुषांना अशुभ मानतात, त्यातून पार पडण्याचा हा विधी. संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी असं काही बघायला मिळणं म्हणजे पर्वणीच. पण त्या रात्रीच्या खोल्या फार आधीच गेलेल्या असतात. शिवाय अंधारात, गोठलेल्या रस्त्यावर, हजारो लोकांच्या रेट्यात ऑपरेशन झालेला गुडघा न्यायला माझं मन धजेना. आम्ही तो आठवडा सोडला, आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तुम्ही दोघं परत कधीतरी जा त्यासाठी. मला शांतपणे हिंडू दे."

माझा चुलतभाऊ टोकियोत निशी-कासाईला राहतो. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय कुटुंबं इतकी आहेत की २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस तिथल्या वॉर्ड सभेवर निवडून आला. दादाची खरी मदत झाली ती राहण्याच्या जागेसाठी. नोझावात मोठी हॉटेलं थोडी आणि मिन्शुकू पुष्कळ. मिन्शुकू म्हणजे घरगुती निवास: तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोल्या, जमिनीवर गाद्या, सकाळचं आणि रात्रीचं जेवण घरच्या बाईच्या हातचं. संकेतस्थळांवर त्यातली सगळी दिसत नाहीत.

"दादा, गादी जमिनीवर असली तर आईंना उठता येणार नाही," मी फोनवर म्हटलं.

"मग खाटेचीच खोली मागू. अजून काय?"

"स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. आणि बसथांब्यापासून फार चढ नको."

"आणि जेवण?"

इथे आम्ही दोघंही गप्प झालो, कारण खरा पेच तोच होता. आम्ही शाकाहारी, आई अंडंही खात नाहीत. जपानमध्ये मांस-मासे टाळणं तसं जमतं. अडचण दाशीची. दाशी म्हणजे बहुधा कात्सुओबुशीचं, वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचं, पाणी. ते जवळजवळ प्रत्येक शिजवलेल्या पदार्थात मुरलेलं असतं. मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या सोबतच्या रसात, उकडलेल्या भाज्यांत, कधी लोणच्यातसुद्धा. ताटात फक्त भाजी दिसते आणि मासा कुठेच दिसत नाही, म्हणून वाढणारी बाई मनापासून "यात मासा नाही" असं सांगते. त्यामुळे नुसतं "शाकाहारी" सांगून भागत नाही. दाशीचं नाव घेऊन विचारावं लागतं. दादाने मिन्शुकूच्या मालकीणबाईंना फोनवर नेमकं तेच विचारलं. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या की कोम्बू, म्हणजे समुद्री शेवाळ, आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांचं दाशी करून देईन, पण रोज नाही जमणार. दिवसाआड करीन.

मला हे उत्तर फार आवडलं. सगळ्याला होकार देऊन ऐनवेळी अडचणीत टाकण्यापेक्षा जे जमेल तेवढंच त्यांनी सांगितलं. मग त्यानुसार बांधाबांध केली. काही रात्री त्यांचं जेवण, बाकीच्या रात्री खोलीतली पाण्याची किटली आणि भात. भात तिथे कुठेही गरम मिळतो. सोबत मेतकूट, दाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, थालीपिठाऐवजी टिकाऊ ठेपले, गरम पाणी ओतून होणारे पोहे आणि उपमा. ताजी फळं, भाज्या, कच्चं धान्य आणि बी-बियाणं तपासणीच्या दाखल्याशिवाय जपानमध्ये नेता येत नाही, मांसाचे पदार्थ तर नाहीतच. म्हणून आईंनी काढून ठेवलेलं ओलं आंबेहळदीचं लोणचं घरीच राहिलं आणि कोरडे, बंद पाकिटातले पदार्थ तेवढे घेतले.

औषधांचं मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे सर्दीची गोळी कुणी गंभीरपणे घेत नाही. सुडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. कोडीनच्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. आईंच्या रक्तदाबाच्या आणि गुडघेदुखीच्या गोळ्या महिन्याच्या आतल्या मोजून घेतल्या, मूळ पाकिटांत ठेवल्या आणि डॉक्टरांकडून औषधांची रासायनिक नावं इंग्रजीत लिहून घेतली. घरातल्या औषधांच्या डब्यातली प्रत्येक पट्टी उलटून घटक वाचले. हे काम एका संध्याकाळचं आहे, पण ते टाळू नये.

व्हिसा सरळ झाला. भारतीयांना पर्यटनासाठी २०२४ च्या एप्रिलपासून ई-व्हिसा मिळतो. अर्ज केंद्रात जाऊनच करावा लागतो, सोबत दिवसवार कार्यक्रम, राहण्याचे पत्ते, बँकेची विवरणं, आयकराची कागदपत्रं. विमानतळावर तो व्हिसा फोनवर इंटरनेट चालू ठेवून उघडून दाखवायचा असतो. आधी काढून ठेवलेलं चित्र चालत नाही. त्यामुळे फोनवर इंटरनेट चालेल याची सोय निघण्याआधीच करून ठेवावी.

रेल्वेची गणितं पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. सात दिवसांचा देशभराचा जेआर पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेला. टोकियो ते नोझावाजवळचं ईयामा स्टेशन, शिन्कान्सेनचं एका बाजूचं तिकीट नऊ हजार येनांच्या आसपास. फक्त जाऊन-येऊन करायचं असेल तर पासचा काहीच उपयोग नाही, सुटी तिकिटं काढावीत. या मार्गावरची कागायाकी गाडी ईयामाला थांबत नाही. हाकुताका घ्यायची, आणि तीही ईयामाला थांबणारीच आहे ना हे बघून. पावणेदोन तासांत ईयामा येतं, तिथून नोझावा ओन्सेन लायनर नावाची बस पंचवीस मिनिटांत गावात सोडते.

सामानाची जी व्यवस्था जपानमध्ये आहे तिच्याबद्दल मला मनापासून कौतुक आहे. तिला ताक्क्युबिन म्हणतात. निशी-कासाईच्या दुकानातून मोठ्या बॅगा दादाने नोझावाच्या पत्त्यावर रवाना केल्या आणि आम्ही खांद्यावरच्या पिशव्या घेऊन गाडीत बसलो. सहसा दुसऱ्या दिवशी सामान पोचतं. जोराची बर्फवृष्टी असली तर एखादा दिवस जास्त. म्हणून औषधं, एक जोडी गरम कपडे आणि लेकीचे हातमोजे जवळच ठेवले. हाताला बॅगा नसल्या की वयस्क माणसाला धरून चालता येतं. आईंसाठी ही सोय पैशांत मोजण्यासारखी नव्हती.

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट तिथेच भाड्याने घेतलं. आधी नोंदवताना उंची, वजन, वय आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारतात. वजन खरं सांगावं. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोरावर सुटावा हे त्यावरून ठरवतात आणि तिथे गुडघ्याचा प्रश्न असतो. कपडे पुण्यातल्या डिकॅथलॉनमधून घेतले: आत घाम शोषून कोरडा ठेवणारा थर, मध्ये फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. सुती बनियन आणि सुती मोजे तेवढे टाळावेत, ओले झाले की अंग गार पडतं. आणि गॉगल घेताना ढगाळ हवेसाठीची फिकट काच बघावी. जानेवारीत तिथे बहुतेक वेळ बर्फ पडतच असतो, गडद काचेतून उतारावरचे उंचवटे दिसत नाहीत.

मी सगळ्यांना सांगते की विमानाच्या तिकिटांच्या बरोबरीनेच इंग्रजीतून शिकवणारा प्रशिक्षक नोंदवून टाका. मुलांचे वर्ग सगळ्यात आधी भरतात. लेकीला पहिले दोन दिवस सकाळचा वर्ग लावला, गावालगतच्या हिकागेच्या रुंद, सौम्य उतारावर. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही गोंडोलाने वर गेलो. डोंगर १,६५० मीटरपर्यंत चढतो आणि वरच्या यामाबिको भागातला बर्फ खालच्यापेक्षा कितीतरी हलका असतो. नवशिक्यांसाठी चांगली गोष्ट ही की वर सोप्या उतारांवर खेळून परत गोंडोलानेच खाली येता येतं. संध्याकाळी थकलेल्या पायांनी गावापर्यंतचा लांब उतार उतरायचा हट्ट करू नये. जास्त पडापड तिथेच होते.

तिथल्या एका उताराला श्नायडर कोर्स म्हणतात. हान्नेस श्नायडर हा ऑस्ट्रियन स्कीपटू १९३० मध्ये इथे आला होता, त्याच्या नावावरून. त्याहून आधी, १९११ मध्ये, थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने शेजारच्या निगाता प्रांतातल्या ताकादा इथे जपानी सैनिकांना स्की शिकवलं होतं. गावात स्कीचं एक संग्रहालय आहे. ज्या दिवशी वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट बंद होत्या तो दिवस आम्ही तिथे घालवला. असा एखादा दिवस येणारच हे धरून कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवलेला होता.

विम्याबद्दल स्पष्ट लिहिते. साध्या प्रवासविम्यात स्कीइंग बहुधा नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही आखलेल्या उतारांबाहेरचं स्कीइंग वगळलेलं असतं. नोझावात दोरी ओलांडून बाहेर गेलेल्याला शोधायला पथक निघालं तर तो खर्च त्या माणसाकडून घेतात. गावाने तसा नियम केलेला आहे. ताज्या बर्फाचा मोह मोठा असतो. नवऱ्याला आणि मला तो झालाही, पण दोरीच्या अलीकडे राहायचं हे पुण्यातच ठरलं होतं.

आता आईंबद्दल. त्यांच्यासाठी बुटांच्या तळाला अडकवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या आणि एक काठी घेतली होती. गावातून हिकागेपर्यंत चढाच्या रस्त्याला आच्छादलेला सरकता मार्ग आहे, तो फुकट आहे. पहिले दोन दिवस त्यावरून त्या अकराला नातीचा वर्ग संपताना यायच्या. येताना ओगामा नावाच्या झऱ्यापाशी थांबायच्या. तिथे झऱ्याचं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं. गावकरी त्यात भाज्या आणि अंडी उकडतात, परक्यांना आत जायला मनाई आहे. काठाबाहेर उभं राहून त्या तिथल्या बायकांची कामं बघत राहायच्या. नोझावाना नावाची पालेभाजी थंडीच्या तोंडाशी गावातल्या बायका गरम झऱ्यांच्या पाण्यात धुऊन वर्षभराचं लोणचं घालतात, हे मालकीणबाईंनी त्यांना खुणांनी आणि भाषांतराच्या ॲपने समजावलं. दोघींची मैत्री त्या लोणच्यावरून झाली. बिनदाशीचं, नुसत्या मिठातलं, त्यांनी आईंना वेगळं काढून दिलं.

स्नानगृहांचं मला आधी दडपण होतं. तिथे अंगावर काहीही न घालता उतरायचं असतं, बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं असलं तरी. आईंना हे मी पुण्यातच नीट सांगितलं होतं, तिथे गेल्यावर कळून अवघडायला नको म्हणून. त्या म्हणाल्या, "बघू." पहिल्या संध्याकाळी त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, दुसऱ्या संध्याकाळी आत आल्या. मोठ्या ओयु स्नानगृहात दोन हौद असतात, एक फार कढत आणि एक जरा सोसवणारा. आधी बाहेर बसून अंग धुवायचं, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, आवाज करायचा नाही. ही स्नानगृहं आसपासची घरंच आळीपाळीने साफ करतात, त्यासाठी यु-नाकामा नावाची जुनी मंडळं आहेत. दाराशी पेटी असते, तिच्यात आपण खुशीने पैसे टाकायचे. दुसऱ्याचं घर वापरतोय या भानाने वागलं की कुणी परकं मानत नाही. एका वयस्क बाईने आईंना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी आईच आम्हाला घाई करायच्या. रक्तदाब असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच उतरावं, आणि पाचेक मिनिटांत बाहेर यावं.

परतीचा दिवस आम्ही नागानोसाठी राखला होता, कारण ईयामाहून टोकियोला जाताना गाडी तिथूनच जाते. मोठ्या बॅगा दोन दिवस आधीच ताक्क्युबिनने विमानतळावर पाठवल्या होत्या. विमानतळाला पाठवताना तेवढा अवधी ठेवावाच लागतो. नागानो स्टेशनहून बस झेन्को-जी मंदिरापाशी जाते. इथली मुख्य मूर्ती भारतातून कोरियामार्गे आली अशी श्रद्धा आहे, आणि ती कुणालाही दाखवत नाहीत. आत्ताचं मुख्य मंदिर १७०७ चं. गाभाऱ्याखाली पूर्ण अंधाराचा एक बोगदा आहे. भिंतीला हात लावत चालायचं आणि कुठेतरी लावलेली किल्ली चाचपून शोधायची. आई नातीचा खांदा धरून गेल्या, किल्ली लेकीला सापडली, तिने आजीचा हात त्यावर नेऊन ठेवला. दुपारच्या गाडीने आम्ही टोकियोत पोचलो तेव्हा दादाच्या घरी वरणभात तयार होता, आणि आई त्याला विचारत होत्या की पुढच्या जानेवारीतल्या १५ तारखेच्या खोल्या कधीपासून मिळायला लागतात.